सोयीची जागा

"तीनच बसतील," कानसेन म्हणाला. "सहा मीटर लावलेत तर डॉक्टर, तुम्ही गाडी चालवणार की वाचत बसणार?"

टेबलावर सहा खोकी उघडी पडली होती. प्रत्येकात एकेक काळ्या तबकडीचं मीटर होतं, आणि डॉक्टरबाईंनी ती खोकी ओळीने मांडली होती. दातांच्या डॉक्टर त्या. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी छोटी लाल गाडी काढून चढणीच्या रस्त्यांवर सुटायचं, हा त्यांचा नाद. गाडी दिसायला गरीब, पण इंजिन आतून पार बदललेलं. मूळचा टर्बो काढून मोठा घातला होता. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर गरगरणारं चक्र. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं आणि गाडी कानात वारं शिरल्यासारखी पळते. आता जास्तीची हवा म्हणजे जास्तीची आग, आणि आगीशी खेळायचं तर तिच्यावर नजर हवी. त्यासाठी हे मीटर.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चालू इंजिनाशेजारी डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठला वाल्व कुरकुरतोय ते सांगायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी दिलेलं. तो स्वतःच म्हणायचा, तानसेन व्हायला गळा लागतो, कानसेन व्हायला नुसतं गप्प बसता यावं लागतं. पूर्वी तो मीटरवाल्यांची टिंगल करायचा. घड्याळाचं दुकान काढलंय का, म्हणायचा. गेल्या वर्षापासून टिंगल बंद झाली होती. का, ते फक्त त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला माहीत होतं.

तर निवड सुरू झाली. डॉक्टरबाईंचा जीव अडकला होता बूस्टच्या मीटरमध्ये. टर्बो किती हवा कोंबतोय ते त्यावर दिसतं, आणि गाडी दाबली की काटा कसा झपकन वर जातो! कानसेनने तेच खोकं पहिल्यांदा बाजूला सारलं. गाडी जोरात आहे हे तुमच्या पाठीला कळतंच, म्हणाला, त्याला काटा कशाला? ज्या काट्याकडे बघून आनंद होतो तो नंतर. ज्याच्याकडे बघून पोटात गोळा येतो तो आधी. असं म्हणून त्याने तीन उचलले. ऑईलचं प्रेशर, ते पडलं तर काही सेकंदांत खेळ खलास. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण, कारण हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की आगीचा ताप वाढतो. आणि तिसरं धुराचं तापमान.

तिसरं खोकं उचलताना त्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं नाही. नुसता आकडा दाखवणारं नको, काट्याचंच बरं, असं काहीबाही बोलत राहिला. आकडा वाचावा लागतो, काटा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. मीटर जरा फिरवून बसवायचे, म्हणजे सगळं ठीक असताना तिन्ही काटे सरळ वर राहतात. एखादा कलला की लगेच कळतं. डॉक्टरबाईंना ते फार आवडलं. दात तपासताना आम्हीही असंच बघतो, म्हणाल्या, ओळीतून कोण हललाय ते.

मग त्यांनी आवाज खाली आणला. समोर, गॅरेजच्या दाराशी, धाकटा एका स्कूटरचं चाक काढत उकिडवा बसला होता.

"मेस्त्री, एक अट आहे. राग मानू नका. तुमच्या भावाचा हात माझ्या गाडीला लागता कामा नये."

"बरं," कानसेन म्हणाला.

"सेन्सर टर्बोच्या अलीकडे बसवायचा, हे मी आता वाचून शिकले. मी दातांची डॉक्टर. त्यांना तीस वर्षांत एवढं साधं कळू नये?"

"चुकतं माणूस," कानसेन म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचे कान तापले. डॉक्टरबाई चार वाजता परत येते म्हणून दवाखान्यात गेल्या. जाताना धाकट्याच्या बाजूने गेल्या, पण त्याच्याकडे बघितलं नाही. धाकट्याने पाय आवरून त्यांना वाट करून दिली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगितल्याशिवाय ह्या माणसाचे कान का तापले ते कळायचं नाही.

धुराचं तापमान मोजायचं तर धुराच्या वाटेत एक भोक पाडून त्यात सेन्सरची दांडी घुसवावी लागते. भोक दोन ठिकाणी पाडता येतं. एक टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये. चार सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो ते हे जाड ओतीव लोखंड. खरी आग तिथे असते. पण त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. जुन्या इंजिनाचे बोल्ट गंजलेले असतात, एखादा मोडला की दिवस गेलाच समजा. दुसरी जागा टर्बोच्या पलीकडे, साध्या पाइपात. गाडीखाली आडवं पडून अर्ध्या तासात भोक पडतं. पण टर्बो फिरवण्यात धुराची बरीच आग खर्ची पडलेली असते, म्हणून पलीकडे काटा शंभर-दीडशे डिग्री कमीच दाखवतो.

गेल्या वर्षी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा म्हणाला होता, दादा, मॅनिफोल्ड उतरवू या, अलीकडेच बसवू या. कानसेनला ते झोंबलं. मला शिकवतोस? म्हणाला. पाइपात बसव आणि मोकळा हो. धाकट्याने पाइपात बसवला. जागा बदलली तर धोक्याची लाल खूणही खाली आणायला हवी होती. ती कानसेनने स्वतःच्या हाताने चिकटवली, नऊशेवर, अलीकडच्या हिशेबाने. कामाच्या घाईत म्हणा, मस्तीत म्हणा, त्याच्या डोक्यातच आलं नाही. खुणेचं काम दादाचं, म्हणून धाकट्यानेही तिकडे बघितलं नाही.

तीन आठवड्यांनी गाडी दोरीला बांधून आली. लांबलचक चढावर, मागे ट्रक असताना, इंजिनाने मान टाकली होती. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन मेणासारखा वितळलेला, मधोमध बोट जाईल एवढं भोक. डॉक्टरबाई आणि त्यांच्यासोबतचे दोघे गाडीवाले दोस्त वाकून बघत होते. काटा साडेआठशेच्या पुढे गेला नाही हो, बाई म्हणत होत्या, मी सारखी बघत होते, लाल खुणेच्या खालीच होता. आणि कानसेनच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तिथे साडेआठशे म्हणजे आत हजार.

"सेन्सर बसवला कोणी?" पाइपातला सेन्सर बघून दोस्तांपैकी एकाने विचारलं.

"धाकट्याने," कानसेन म्हणाला.

"तुम्ही सांगितलं नव्हतं का, कुठे बसवायचा ते?"

"सांगितलं होतं."

बघा, ह्यात खोटं काय आहे? हात धाकट्याचेच होते. सांगितलंही होतंच. दोन्ही वाक्यं कोर्टात टिकतील अशी खरी, आणि दोन्ही मिळून शुद्ध खोटं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. धाकटा तिथेच, दोन पावलांवर, हातात फडकं घेऊन उभा होता. त्याने दादाकडे एकदा पाहिलं, आणि मग त्या वितळलेल्या पिस्टनकडे पाहत राहिला. तिघेही त्याच्याकडे वळले तेव्हा म्हणाला, "चूक झाली."

संध्याकाळी सांगू, असं कानसेनने ठरवलं होतं. मग उद्या. मग इंजिन नवं करून देऊ तेव्हा. इंजिन त्याने दिवसरात्र खपून, स्वतः, नवं करून दिलं, जुनं मीटर काढून टाकलं. त्यात बाईंचा त्याच्यावरचा विश्वास आणखी वाढला, आणि सांगायचं आणखी अवघड होऊन बसलं. गाडीवाल्यांच्या त्या गोतावळ्यात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मोठ्याचा कान सोन्याचा, धाकट्याच्या हाताला यश नाही. लोक गाडी आणायचे आणि वर सांगायचे, मेस्त्री, तुम्हीच बघा हं. धाकटा हळूहळू इंजिनापासून दूर सरकला. आधी ब्रेक, मग पंक्चर, मग दारातल्या स्कूटरी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. आणि चोर रोज संन्याशाशेजारी बसून चहा पीत होता.

तर त्या दिवशी बाई गेल्यावर कानसेनने मॅनिफोल्ड उतरवायला घेतला. ह्या वेळी अलीकडेच बसवायचा होता. बोल्ट नवे होते, एकही मोडला नाही. दोन तासांत लोखंड बाकावर आलं. गेल्या वर्षी जुने बोल्ट होते, फार तर एक दिवस गेला असता. एका दिवसासाठी आपण हे सगळं केलं, असं मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. हात धुऊन तो वर जेवायला गेला.

गॅरेजच्या वरच दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कानसेनचं लग्न राहूनच गेलं होतं, तो भावाच्याच घरात राहायचा. भावजयीने ताट वाढलं. धाकट्याचं जेवण आधीच झालं होतं. हल्ली तो आधी जेवून जायचा.

पाणी ठेवता ठेवता ती म्हणाली की एक तारखेपासून ह्यांचा डबा सकाळी सहालाच करावा लागेल, तेव्हा भाऊजी, तुमचा चहाही लवकरच होईल, चालेल ना? कानसेनला कळेना. कसला डबा? तेव्हा ती दचकली. हे बोलले नाहीत तुम्हाला? बसच्या डेपोत लागलेत. टायर बदलायच्या कामावर. कागदावर सही करून आलेत परवा.

कानसेनने घास घेतला. चावत राहिला. तीस वर्षांपूर्वी ह्याच धाकट्याला त्याने आंधळ्यासारखं हातांनी चाचपून इंजिन जोडायला शिकवलं होतं, आणि पोरगा एका वर्षात त्याच्याहून बारीक काम करू लागला होता. तो आता डेपोत टायर बदलणार.

"भाऊजी, एक विचारू?" भावजय ओट्याला टेकून उभी राहिली. "मी ह्यांना किती वेळा विचारलं, त्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं झालं तरी काय. म्हणतात, माझीच चूक होती. मला इंजिनातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. इतकी मोठी चूक होती का हो ती?"

म्हणजे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. दोघांच्या खोलीत, दार लावून, एकदाही दादाचं नाव घेतलं नव्हतं. कानसेनला वाटत होतं की निदान घरात तरी तो बोलला असेल, निदान ही तरी आपल्याला मनातल्या मनात शिव्या देत असेल. त्या शिव्यांचा त्याला एक प्रकारचा आधार होता. आणि इथे ही बाई त्याच्या भाजीत चमचाभर जास्त तेल घालून, आपल्या नवऱ्याची चूक किती मोठी ते त्याला विचारत होती. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"मोठीच होती," तो म्हणाला. "पण त्याची नव्हती."

त्याने ताटात हात धुतला आणि तो जिना उतरून खाली आला. तिने वरून काही विचारलं, पण तो थांबला नाही. थांबला असता तर तिथेच सगळं सांगून मोकळा झाला असता, आणि मग खाली सांगायची गरज वाटली नसती. स्वतःला तो एवढं तरी ओळखत होता.

चारला डॉक्टरबाई आल्या. बाकावरचा मॅनिफोल्ड बघून खूश झाल्या. हा तर आमच्या दाढेसारखाच दिसतो की, म्हणाल्या, मुळं तेवढी चार, आणि वर एक माथा. कानसेन हसला नाही. त्याने धाकट्याला हाक मारली. धाकटा चार पावलं आत आला आणि थांबला, बाईंची अट त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"डॉक्टर," कानसेन म्हणाला, "गेल्या वर्षी मला दोन प्रश्न विचारलेत तुम्ही लोकांनी. बसवला कोणी आणि मी सांगितलं होतं का. दोन्ही उत्तरं मी खरी दिली. काय सांगितलं होतं, ते कोणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. पाइपात बसव म्हणून मीच सांगितलं. हा अलीकडे बसवू म्हणत होता, मी त्याला गप्प केला. लाल खूणही मीच लावली. तुमचं इंजिन मी जाळलं."

बोलून झालं. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. लोक तसं म्हणतात. तसलं काही झालं नाही.

डॉक्टरबाई मग एवढंच म्हणाल्या, "मी सगळ्यांना सांगितलंय ह्यांच्याबद्दल. नाव घेऊन." हे त्या कानसेनला म्हणाल्या, पण बघत धाकट्याकडे होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. दुसऱ्याची लाज अशी माणसाला उगाच चिकटते. धाकट्याला त्या काहीतरी म्हणू लागल्या, माफी वगैरे, पण त्याने हातानेच नको नको केलं.

"दादा, हे त्याच आठवड्यात बोलायचं होतंस," धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी आठ दिवस वाट बघितली. रोज वाटायचं, आज सांगेल. मग सवय झाली."

"डेपोत जाऊ नकोस," कानसेन म्हणाला. "मी एकेकाला गाठून सांगतो. आजच सांगतो."

"सांग तू. पण मी जाणार. तिथं मला कोणी ओळखत नाही, दादा. टायर काढला, टायर घातला. कोणी मागे उभं राहून बघत नाही."

कानसेनने बाकावरचा मॅनिफोल्ड उगाच जरा सरळ केला.

डॉक्टरबाईंनी टेबलावरची तीन खोकी उचलली. क्षणभर वाटलं, त्या निघाल्या. आणि त्या गेल्या असत्या तर कानसेनने एक शब्द काढला नसता. पण त्या धाकट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, खोकी पुढे धरली, आणि दवाखान्यात पेशंटशी बोलतात तशा हळू आवाजात विचारलं की हे तुम्ही बसवून द्याल का. धाकट्याने फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग त्याने धुराच्या मीटरचं खोकं तेवढं घेतलं, सेन्सरची दांडी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरून बघितली. बाकी दोन तारेचं काम आहे, ती दादा करील, म्हणाला.

मॅनिफोल्ड वेडावाकडा, बाकाच्या शिकंज्यात नीट बसेना. कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्याशिवाय त्यात सरळ भोक पडणार नव्हतं. आजवर ह्या गॅरेजमध्ये ड्रिल मोठ्याच्या हातात आणि लोखंड धाकट्याच्या. धाकट्याने भिंतीवरचं ड्रिल काढलं, पातं घट्ट केलं, आणि खडूने चार वाटा जिथे मिळतात तिथे एक ठिपका केला. करून त्याने सवयीने मान वर करून दादाकडे बघितलं, बरोबर आहे ना म्हणून.

कानसेनला ती नजर सोसवेना. तो बाकाशी आला, वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी लोखंड धरलं.

"हलवू नकोस," धाकटा म्हणाला.

"नाही हलवत."

ड्रिल सुरू झालं. करड्या लोखंडाचा गरम भुगा कानसेनच्या मनगटांवर पडायला लागला. डॉक्टरबाई जरा मागे सरकल्या. भोक आरपार जाईपर्यंत तो खाली मान घालून तसाच धरून उभा राहिला.